समुद्राकडे पाठ फिरवलेली नदी

आपल्या बुलढाणा जिल्ह्यात पडलेल्या पावसाला तीन वाटा फुटतात. अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या उत्तर उतारावर पडलेलं पाणी ज्ञानगंगा, विश्वगंगा, मन अशा नद्यांतून पूर्णेत उतरतं, पूर्णा तापीला मिळते आणि तापी सुरतेपलीकडे अरबी समुद्रात जाते. खामगावकरांचं पाणी याच वाटेवरचं. त्याच रांगेच्या माथ्यावर, बुलढाण्याच्या बाजूला, पैनगंगा उगम पावते. ती मात्र उलट तोंड करून पूर्वेला निघते, वर्धेला मिळते, पुढे प्राणहितेतून गोदावरीत शिरते आणि बंगालच्या उपसागराला जाऊन पोचते. एकाच डोंगरावर शेजारीशेजारी पडलेल्या दोन थेंबांच्या नशिबी दोन वेगळे समुद्र येतात.

तिसरी वाट लोणारची. तिथल्या विवरात पडलेला पाऊस कुठल्याच समुद्राला जात नाही. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं आणि दीडशे मीटर खोलीचं ते विवर अशनीच्या आघाताने काळ्या बेसॉल्टमध्ये पडलं. पाणी बाहेर जायला त्याला तोंडच नाही. धारेचं गोड पाणी आत येतं, पावसाचं येतं, जमिनीतून झिरपून येतं. बाहेर जाण्याचा रस्ता एकच, वर आभाळाकडे. पाणी वाफ होऊन जातं आणि त्याने दगडमातीतून विरघळवून आणलेले क्षार मागे उरतात. हजारो वर्षं हेच चाललंय. म्हणून आज त्या पाण्याचा सामू दहाच्या आसपास आहे आणि उन्हाळ्यात पाणी मागे हटलं की काठावरच्या चिखलावर पांढरी खपली धरते. हा खार पूर्वी काढून विकला जाई. अकबराच्या काळातल्या ‘आईन-इ-अकबरी’तही लोणारचा उल्लेख आहे, तो काच आणि साबण करायला लागणाऱ्या मालासाठी.

तिसऱ्या वाटेचा नियम असा साधा दिसतो: पाण्याला बाहेर पडायला वाट नसेल तर ते खारं होतं. पण तो इतका साधा नाही, हे पूर्णेच्या खोऱ्यात राहणाऱ्यांना पुस्तकातून शिकावं लागत नाही. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोदकडच्या खारपाणपट्ट्यात विहीर खणली की पाणी लागतं, पण ते तोंडात धरवत नाही. तिथे नदी वाहती आहे, समुद्राला मिळणारी आहे, तरीही जमिनीखाली क्षार साठून राहिले आहेत.

हे सगळं डोक्यात असलेला माणूस आफ्रिकेचा नकाशा पाहतो तेव्हा बोट्स्वाना देशाच्या वायव्य कोपऱ्यात त्याची नजर अडकते. तिथे ओकावँगो नावाची नदी कलहारीच्या वाळूत येते, हजार फाट्यांनी पसरते आणि संपते. तिला समुद्र नाही. वर्षाला साधारण दहा-अकरा घन किलोमीटर पाणी ती वाळवंटात आणून ओतते आणि त्यातलं शंभरात पंचाण्णव भागांहून जास्त पाणी वाफ होऊन किंवा झाडापानांतून हवेत जातं. म्हणजे लोणारसारखीच गत. मग तिथे केवढं तरी मोठं खारं सरोवर असायला हवं. प्रत्यक्षात पाणी इतकं गोड आणि नितळ आहे की तळाची वाळू दिसते, कमळं फुलतात, हत्ती सोंडेने तेच पाणी पितात आणि होडीवालेही ओंजळीने तेच पितात. दरवर्षी काही लाख टन क्षार या नदीबरोबर आत येतात. ते जातात कुठे?

ओकावँगोच्या सफारीचा बेत करायचा असेल तर माझ्या मते सुरुवात या प्रश्नापासून करावी. कुठल्या महिन्यात जायचं, होडीने हिंडायचं की गाडीने, हत्ती कुठे भेटतील आणि रानकुत्रे कुठे, या सगळ्याचं उत्तर पाण्याच्या वागण्यात आहे. ते वागणं एकदा उमगलं की बाकीचा बेत आपोआप जुळत जातो.

आधी पाणी येतं कसं ते पाहू. नदीचा उगम अंगोलाच्या मधल्या पठारावर, तिथे तिला कुबांगो म्हणतात. अटलांटिक महासागर तिथून काहीशे किलोमीटरवर. जवळचा समुद्र सोडून ही नदी त्याच्याकडे पाठ फिरवते आणि आग्नेयेला, खंडाच्या आत, निघते. वाटेत कुइटो नावाची मोठी नदी तिला मिळते, नामिबियाची एक चिंचोळी पट्टी ती ओलांडते आणि मोहेंबो या गावाजवळ बोट्स्वानात शिरते. तिथून सुमारे शंभर किलोमीटर ती दोन समांतर भ्रंशांच्या मधल्या पट्ट्यात वळणं घेत चालते. मग जमिनीतला एक आडवा भ्रंश पार केला की तिचे काठच नाहीसे होतात. मनगटापुढे पंजा उघडावा तशी ती उघडते. या पंज्याच्या बोटांपुढे पुन्हा आडवे भ्रंश आहेत, तिथे जमीन उंचावली आहे आणि पाणी अडतं. पूर्व आफ्रिकेला चिरत आलेल्या मोठ्या खचदरीचं नैऋत्येचं टोक इथवर पोचलं आहे असं भूशास्त्रज्ञ मानतात. जमीन अजूनही हलते आहे, अधूनमधून लहानसहान भूकंप होतात आणि कधीकधी तेवढ्यानेही पाण्याचा फाटा बदलतो.

आता उतार पाहा. मोहेंबोपासून मौन या गावापर्यंतच्या अडीचशे किलोमीटरांत जमीन फक्त साठेक मीटर उतरते. चार किलोमीटरला एक मीटर. एवढ्या सपाटीवर, वाळू, लव्हाळी आणि पपायरसच्या दाट झाडीतून पाणी वाट काढतं, तेव्हा त्याचा वेग दिवसाला दोनेक किलोमीटर भरतो. सावकाश चालणारं गुरांचं खिल्लार त्याला सहज मागे टाकेल.

या संथपणातूनच ओकावँगोचं पहिलं नवल घडतं. अंगोलात पाऊस पडतो तो नोव्हेंबर ते एप्रिल, जोर जानेवारी-फेब्रुवारीत. ते पाणी मोहेंबोला मार्च-एप्रिलमध्ये पोचतं. मौनला त्याचा भर येतो जुलै-ऑगस्टमध्ये. विषुववृत्ताच्या दक्षिणेला हे महिने हिवाळ्याचे आणि कोरडे ठणठणीत. एप्रिलनंतर तिथे पावसाचा टिपूस नसतो, गवत पिवळं पडलेलं असतं, रानातली डबकी आटलेली असतात. अशा वेळी, स्वच्छ निळ्या आभाळाखाली, वाळूतून पूर येतो. आपल्याकडे पूर म्हटला की गढूळ लोंढा, वाहून आलेली झाडं, पुलावरून पाणी. इथे पुराचं तोंड बोटभर उंचीचं असतं. कोरड्या नाल्यातल्या वाळलेल्या पानांच्या कडा ते आधी ओल्या करतं, भेगांतले किडे बाहेर काढतं आणि पुढे सरकतं. त्या किड्यांसाठी पक्षी पाण्याच्या पुढेपुढे चालत असतात. थामलकाने नदीच्या कोरड्या पात्रात हे पाणी येतं, तेव्हा ते बघायला मौनची माणसं काठावर जमतात.

गाळ जवळजवळ नाही, कारण नदीचा बराचसा प्रवास कलहारीच्या स्वच्छ वाळूतून होतो. आपल्या पूर्णेच्या पाण्यात काळी माती उतरते. या पाण्यात मिसळायला मातीच नाही. भरात असताना ही पाणथळ दहा-बारा हजार चौरस किलोमीटर होते, एखाद्या वर्षी त्याहूनही मोठी. आपला अख्खा बुलढाणा जिल्हा साडेनऊ हजार चौरस किलोमीटरच्या जरासा वर आहे, यावरून कल्पना करा. पूर ओसरला की यातली निम्मीअधिक जमीन पुन्हा कुरण होते.

आता क्षारांकडे येऊ. जोहान्सबर्गच्या विट्वॉटर्सरँड विद्यापीठातले भूशास्त्रज्ञ टेरेन्स मॅकार्थी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या कोड्यावर वर्षानुवर्षं काम केलं. उत्तर मिळालं बेटांवर. या पाणथळीत हजारो बेटं आहेत, काही एका झाडाएवढी, काही गावाएवढी. त्यांतल्या पुष्कळ बेटांची सुरुवात एका वारुळापासून होते. पाणी उतरलेल्या वर्षी वाळवी सपाट मैदानात वारूळ उभं करते. मातीचे कण लाळेने सांधून, थोडी चिकणमाती खालून वर आणून, माणसाच्या उंचीएवढं किंवा त्याहून मोठं. पुढच्या पुरात सगळीकडे पाणी होतं आणि वारुळाचा माथा तेवढा कोरडा राहतो. त्यावर पक्षी बसतात. त्यांच्या विष्ठेतून अंजिराच्या जातीच्या झाडांचं आणि इतर फळझाडांचं बी पडतं. झाड उभं राहिलं की त्याखाली सावली, सावलीत जनावरं, जनावरांचं खत, आणखी झाडं. बेट काठाकाठाने वाढू लागतं.

खरं काम इथून सुरू होतं. मोठं झाड दिवसभर मुळांनी पाणी ओढतं आणि पानांतून हवेत सोडतं. बेटाच्या कडेने अशा झाडांची दाट रांग उभी राहिली की बेटाखालची पाण्याची पातळी भोवतालच्या पाणथळीपेक्षा खाली जाते. मग भोवतालचं पाणी जमिनीखालून सतत बेटाच्या आतल्या बाजूला ओढलं जातं. झाडं पाणी तेवढं घेतात, क्षार बाहेर ठेवतात. वर्षामागून वर्षं बेटाच्या पोटात क्षार साठत जातात. त्यातले चुन्याचे आणि सिलिकाचे क्षार कडेच्या झाडांच्या मुळांशीच बसतात, त्यांनी जमीन हळूहळू फुगते आणि बेट उंच होतं. सोड्याचे क्षार मात्र आणखी आत, मधोमध जातात.

अशा एखाद्या जुन्या बेटावर काठापासून आत चालत गेलं तर हे सगळं डोळ्यांना दिसतं. पाण्याच्या कडेला उंच हिरवी झाडं: जंगली अंजीर, आबनुसाच्या कुळातलं जॅकलबेरी, हातभर लांबीची जड फळं लोंबणारं सॉसेज ट्री. दहावीस पावलं आत आलं की ही झाडं विरळ होतात आणि खारं पाणी सोसणारी पंख्याच्या पानांची ताडं लागतात. त्यापुढे ताडंही नाहीत, नुसतं खुरटं टोकदार गवत. आणि बरोबर मध्ये काहीच नाही. उघडी करडी जमीन आणि तिच्यावर पांढरी खपली. ती असते सोड्याची, ट्रोना या खनिजाची. लोणारच्या काठावरून जो पापडखार गोळा केला जाई, त्याचं हे सख्खं भावंड.

लोणारलाही आपण काठावरून आत उतरतो तेव्हा असेच पट्टे ओलांडतो. वर पानगळीचं रान, खाली हिरवी झाडी, मग बाभळीचं कडं, मग उघडा चिखल आणि पांढरी खपली. दोन्हीकडे गोडं बाहेर आणि खारं मध्ये. फरक इतकाच की लोणारला सगळा खार एकाच ठिकाणी गोळा झाला, म्हणून सगळं पाणी खारट. ओकावँगोत झाडांनी तो हजारो बेटांच्या पोटात वाटून ठेवला आणि मधलं वाहतं पाणी गोडं राखलं. एवढ्या मोठ्या पाणथळीला प्यायचं पाणी मिळतं ते वाळवीने आणि अंजिराने चालवलेल्या या व्यवस्थेमुळे. बेटाच्या पोटातलं पाणी फार खारं झालं की ते जड होतं आणि आणखी खोल बुडतं. आणि एखादा फाटा वाळूने, पपायरसच्या गुंत्याने भरून बंद झाला की नदी दुसरीकडे वळते, जुना भाग सुकतो, तिथलं वाळलेलं पीट, म्हणजे कुजक्या वनस्पतींचा थर, वर्षानुवर्षं धुमसत जळतं, पाऊस वरचे क्षार खाली धुऊन नेतो आणि त्या जागी पुन्हा कुरण उगवतं. पुढे कधी तरी पाणी परत तिकडे वळतं. मला स्वतःला सिंहापेक्षा हे बेट पाहायची जास्त ओढ आहे, आणि तिथल्या वाटाड्याला मी पहिल्यांदा त्याबद्दलच विचारणार आहे.

अर्थात सिंह आहेतच, आणि त्यांनाही पाणी ओलांडून शिकार करायची सवय झाली आहे. पाणघोडे रात्री चरायला बाहेर पडतात, त्यांच्या रोजच्या ये-जा करण्याने पपायरसमध्ये वाटा पडतात आणि त्या वाटांतूनच पुढे पाणी वाहू लागतं. नदीचे काही फाटे उघडे राहतात ते त्यांच्यामुळे. लेचवे नावाची तांबूस हरणं गुडघाभर पाण्यात उधळतात, लांब खुरांमुळे त्यांना चिखलात कोरड्यापेक्षा जोरात पळता येतं. सिटाटुंगा हे दुसरं हरीण तर भ्यालं की नाकपुड्या वर ठेवून पाण्यात बुडून राहतं. २०२२ च्या गणनेनुसार एकट्या बोट्स्वानात सुमारे १ लाख ३२ हजार हत्ती आहेत, जगात कुठल्याही देशात नाहीत इतके. कमळपक्षी आपल्या तळ्यांवरही दिसतो. त्याचा आफ्रिकन भाऊ तिथे पानोपानी चालताना दिसेल आणि पिल्लं पंखाखाली घेऊन फिरणारा तो नर असेल.

झेब्र्यांची गोष्ट मात्र थोडी थांबून सांगायला हवी, कारण तिचा धागा आपल्या बोथ्याच्या जंगलापर्यंत येतो. गुरांना लाळ-खुरकत होऊ नये म्हणून १९६८ मध्ये बोट्स्वानात एक लांब कुंपण घातलं गेलं. ओकावँगो आणि मकगडीकगडीची मिठागरं यांच्यामध्ये ते आडवं आलं. पावसाळ्यात झेब्रे पूर्वी त्या मिठागरांकडच्या गवतावर जात. ती वाट बंद झाली. २००४ मध्ये कुंपण निघालं. रानातला झेब्रा काही छत्तीस वर्षं जगत नाही. म्हणजे जुनी वाट चाललेला एकही झेब्रा कळपात उरला नव्हता. तरीही काही वर्षांतच, गळ्यात जीपीएस पट्टे बांधलेले झेब्रे शेकडो किलोमीटर चालत मकगडीकगडीला पोचल्याचं संशोधकांना दिसलं. वाट त्यांनी पुन्हा शोधून काढली, पावसाच्या आणि हिरव्या गवताच्या मागावर.

आणि आपला वाघ? यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यात जन्मलेला, टी१सी१ या नोंदीचा नर वाघ. २०१९ मध्ये भारतीय वन्यजीव संस्था आणि वनविभागाने त्याच्या गळ्यात पट्टा बांधला. तो महाराष्ट्रातून तेलंगणात, तिथून परत, शेतं, कालवे, महामार्ग ओलांडत चालत राहिला आणि वर्ष संपता संपता ज्ञानगंगा अभयारण्यात येऊन थांबला. पट्टा होता तेवढ्या काळात तो सुमारे ३००० किलोमीटर चालला, म्हणून त्याला ‘वॉकर’ म्हणू लागले. पुढे तो इथूनही निघाला आणि गौताळ्याच्या जंगलात दिसला. खामगाव-बुलढाणा रस्ता बोथ्याजवळ ज्या जंगलातून जातो, त्याच २०५ चौरस किलोमीटरांच्या ज्ञानगंगेत हा प्राणी महिनोन् महिने राहिला. वाघासाठी ते जंगल लहान आहे. त्याला पुढे जायची वाट मोकळी ठेवणं हे आपल्याकडचं कुंपण काढण्याचं काम आहे आणि ते झालं पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

ज्ञानगंगा बेताच्या कामालाही येते. आपलं रान पानगळीचं. एप्रिल-मेमध्ये नाले आटतात, झाडं उघडी पडतात आणि अस्वल, बिबट्या, रोही, चौसिंगा यांना मोजक्या पाणवठ्यांवर यावंच लागतं. म्हणून वनविभाग मचाणांवरची प्राणिगणना बुद्धपौर्णिमेला ठेवतो: प्रकाश चंद्राचा, पाणी एकाच जागी. ओकावँगोलाही हाच नियम लागू, फक्त महिने वेगळे. डिसेंबर ते मार्च तिथल्या रानात जागोजाग पावसाची डबकी असतात, गवत उंच असतं, जनावरं पांगलेली असतात. एप्रिलनंतर डबकी आटतात आणि त्याच वेळी पूर आत येतो. मग चहूबाजूंचे कळप पाण्याकडे सरकू लागतात.

इथे एक बारीक गोष्ट आहे आणि बेत बहुधा तिच्यावरच चुकतो. जुलैत पाणी भरात असतं, पण तेव्हा पाणथळीच्या आतल्या भागात कोरडी जमीनच थोडी उरते. होडीसाठी हा काळ उत्तम, गाडीसाठी बेताचा. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पूर ओसरतो, नवं कुरण उघडं पडतं, बाहेरचं रान पार करपलेलं असतं. तेव्हा हत्ती, रेडे, लेचवे, त्यांच्या मागे सिंह आणि रानकुत्रे अशी गर्दी होते. पण ऑक्टोबरात पारा चाळिशीला टेकतो आणि बाहेरच्या फाट्यांतलं पाणी आटल्याने तिथे होडी चालत नाही. नोव्हेंबरपासून पाऊस सुरू होतो, हरणांची पाडसं जन्मतात, उत्तरेकडचे पक्षी येतात, दर उतरतात, काही रस्ते चिखलात बंद होतात. पक्षी पाहणाऱ्याने खुशाल तेव्हा जावं.

आपल्या घरांच्या सुट्ट्या दोन, उन्हाळ्याची आणि दिवाळीची. दिवाळीची सुट्टी ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या उन्हात पडते: जनावरं भरपूर, काहिली भरपूर. विदर्भातल्या माणसाला त्या उन्हाचं नवल नाही. मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात गेलं तर पाऊस संपलेला असतो, हवा छान असते, पाणी आत येत असतं, गवत अजून थोडं उंच असतं. या दिवसांत पहाटे उघड्या गाडीत चांगलीच थंडी वाजते; इकडे बेचाळीस-त्रेचाळीसमध्ये बॅग भरताना लोकरीची टोपी आणि जाड स्वेटर टाकायचं कुणाला सुचत नाही, म्हणून मुद्दाम लिहितो.

होडी म्हणजे मोकोरो. पूर्वी ती जॅकलबेरी किंवा सॉसेज ट्रीच्या एकसंध खोडातून कोरत, आता झाडं वाचवण्यासाठी बहुतेक ठिकाणी फायबरची असते. बायेयी लोकांनी ही विद्या या पाणथळीत आणली. होडीवाला मागे उभा राहून लांब काठीने तळाच्या वाळूला रेटा देतो, बसणाऱ्याचे डोळे पाण्यापासून हातभर वर असतात. इंजिन नाही, त्यामुळे पाण्यावरच्या देठाला चिकटलेला नखाएवढा बेडूकही ऐकू येतो आणि दिसतो. मौनच्या आसपासच्या गावांच्या संस्था अशा होड्या चालवतात, त्यांचं भाडं गावात राहतं. बेतात एक पूर्ण दिवस याला ठेवावा.

जमिनीवरचं फिरणं मोरेमी अभयारण्यात. याचा इतिहास आवर्जून माहीत असावा. शिकारीने जनावरं संपत चालली तेव्हा बातावाना लोकांनी आपलीच शिकारीची जमीन राखीव केली, १९६३ मध्ये, देश स्वतंत्र व्हायच्या तीन वर्षं आधी. त्या वेळी त्यांचा दिवंगत प्रमुख तिसरा मोरेमी याची विधवा पुलाने मोरेमी गादीचा कारभार पाहत होती आणि हा निर्णय तिने पुढाकार घेऊन पार पाडला. स्थानिकांनी स्वतःहून राखलेलं आफ्रिकेतलं हे पहिलं अभयारण्य म्हणून सांगितलं जातं. २०१४ मध्ये युनेस्कोने ओकावँगोला जागतिक वारशाच्या यादीत घेतलं, यादीतलं १००० वं स्थळ म्हणून. आपल्या लोणारला २०२० मध्ये पाणथळींच्या रामसर यादीत जागा मिळाली. मोरेमीत सूर्योदय ते सूर्यास्त एवढंच फिरता येतं, रस्ता सोडता येत नाही. रात्रीची सफारी हवी असेल तर शेजारच्या ख्वाईसारख्या गावांच्या क्षेत्रात एक मुक्काम धरावा. रानकुत्र्यांसाठीही ती बाजू नावाजलेली आहे.

खर्चाचं स्पष्ट सांगायला हवं. गर्दी कमी आणि दर जास्त हे बोट्स्वानाचं ठरवलेलं धोरण आहे, त्यामुळे आतल्या छावण्या आफ्रिकेतल्या सगळ्यांत महागड्यांत मोडतात. तंबू घेऊन हिंडणाऱ्या फिरत्या सफारी त्या मानाने परवडतात. मौनमध्ये राहून एक दिवस होडी, दोन-तीन दिवस मोरेमीत तंबू, हा मध्यम मार्ग. आतल्या छावणीला लहान विमानाने जायचं झालं तर सामान वीस किलोच्या आत आणि मऊ पिशवीत लागतं, चाकांची कडक बॅग विमानाच्या पोटात मावत नाही. शाकाहार, कांदा-लसूण नको असलं काही असेल तर आरक्षण करतानाच कळवावं, ऐनवेळी जंगलात भाजी येत नाही. अनेक छावण्या लहान मुलांना घेत नाहीत, तेही आधी विचारावं.

जायचं कसं? शेगावहून रेल्वेने मुंबई, मुंबईहून आदिस अबाबा किंवा नैरोबीमार्गे जोहान्सबर्ग, तिथून थेट मौन. इथिओपिया आणि केनिया पीतज्वराच्या देशांत मोडत असल्यामुळे सरकारमान्य केंद्रात पीतज्वराची लस निदान दहा दिवस आधी घेऊन पिवळं कार्ड जवळ ठेवावं. परतताना आपल्याकडच्या विमानतळावरही ते मागू शकतात. ओकावँगो हिवतापाचा प्रदेश आहे, प्रतिबंधक गोळ्यांबद्दल डॉक्टरांना विचारावं आणि संध्याकाळी पूर्ण बाह्या घालाव्यात. व्हिसाचे नियम बदलत असतात, तिकिटाआधी ते पाहावेत.

आणि एक काम घरबसल्या करायचं. जानेवारी-फेब्रुवारीत अंगोलात पाऊस कसा झाला याच्या बातम्या काढाव्यात, मार्च-एप्रिलमध्ये मोहेंबोला पाणी किती चढलं ते पाहावं. दरवर्षीचा पूर सारखा नसतो. बोतेती ही ओकावँगोचं उरलंसुरलं पाणी पुढे नेणारी नदी. तिचं खालचं पात्र दीड दशकाहून अधिक काळ कोरडं राहिलं आणि मग २००९ च्या सुमाराला पुन्हा वाहू लागलं. २०१९ मध्ये उलट मोठा दुष्काळ पडला, पाणघोडे आटत्या चिखलात अडकले. मोहेंबोचं पाणी चांगलं असेल तर जून-जुलैत मौनच्या बाजूच्या होड्या भरवशाच्या. कमी असेल तर मुक्काम उत्तरेला, नदीच्या दोन भ्रंशांमधल्या पट्ट्याकडे सरकवावा, तिथे पाणी बारमाही असतं. आमचा बेत मेअखेरचा आहे, म्हणून मोहेंबोचे आकडे आम्ही एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात पाहणार आणि मगच होडीचा मुक्काम कुठे धरायचा ते ठरवणार.